कोथिंबीर वर्ज्य

कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लेण्यांच्या बऱ्याच अलीकडे, बोरीवाडी नावाचं चाळीस उंबऱ्यांचं गाव आहे. तिथं कुणालाही विचारा, धाकलू गोमा ठोंबरे कुठं राहतात. माणूस डोकं खाजवेल, शेजारच्याला विचारेल आणि शेवटी छातीठोकपणे सांगेल की या नावाचं इथं कुणी नाही. हे सांगताना तो बहुधा धाकलूच्याच ओट्यावर बसलेला असेल. तेच, कोथिंबीर कुठं राहतो म्हणून विचारा; दोन पोरं आणि एक कुत्रं तुम्हाला दारापर्यंत सोडायला येतील.

नाव चिकटलं तेव्हा धाकलू एकोणीस वर्षांचा होता. त्या काळी गावात लग्न निघालं की स्वयंपाक गावचे बापयेच करायचे, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असायचं. कुणी भाताच्या तपेल्यावर, कुणी वरणावर, कुणी चुलाणाला लाकडं सारायला. एकदा वाट्याला आलेलं काम जन्मभर सुटत नसे. धाकलूच्या वाट्याला कोथिंबीर आली. ती निवडायची, धुवायची, चिरायची आणि पंगत बसायच्या आधी वरणावर भुरभुरायची. एका लग्नात ऐन वेळी वरणावरच्या माणसानं "कोथिंबीर कुठं हाय?" म्हणून हाळी दिली आणि मांडवाच्या मागून धाकलू म्हणाला, "हा काय, आलो." तेवढं पुरलं. पुढं त्यानं नदीकाठच्या अर्ध्या एकरात कोथिंबीर लावली, स्कूटरला टोपल्या बांधून कर्जतच्या बाजारात जुड्या विकू लागला, आणि नावाला जणू सरकारी शिक्का बसला.

आता त्याचं वय पंचावन्न. या छत्तीस वर्षांत ते नाव घरादारावर पसरलं. बायजा ही कोथिंबिरीची बायको, दारातली म्हैस कोथिंबिरीची म्हैस, आणि गावात शिरणाऱ्याला रस्ता सांगायचा तो कोथिंबिरीच्या वळणावरून. बायजा जुन्या चालीची, नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. पण कुणी विचारलं तर "कोथिंबीर बाजारात गेलाय" असं खुशाल सांगायची, कारण ते काही त्याचं नाव नव्हे. त्यामुळं धाकलू हा शब्द खुद्द धाकलूच्या घरातही कुणी उच्चारत नव्हतं. अख्ख्या पंचक्रोशीत त्याचं खरं नाव ठाऊक असलेला माणूस एकच, शेजारच्या गावचा श्रीपत. तो पोस्टमन होता आणि आता निवृत्त झाला होता. पाकिटावरचं नाव वाचून ते योग्य माणसाच्या हाती देणं हाच त्याचा धर्म होता.

धाकलूला हे नाव आवडत नव्हतं. त्याचं म्हणणं साधं होतं. "त्याच झाडाचं बी बघा. त्याला धने म्हणत्यात. धनत्रयोदशीला गुळाबरोबर देवाच्या पुढं ठेवत्यात. आन् पाला? भाजीवाला वांगी तोलतो नि मूठभर पाला वरून फुकट टाकतो. मला धने म्हटलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो." यावर बायजा म्हणायची, "धने तव्यावर भाजत्यात नि कुटत्यात. हाय ते बरं हाय."

पण खरं दुखणं वेगळंच होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्याची लेक अक्षदा पाचवीत असताना एक दिवस शाळेतून ढसाढसा रडत आली. मागून दोन कार्टी "कोथिंबिरीची पोरगी, कोथिंबिरीची पोरगी" करत येत होती. धाकलूनं कार्ट्यांना पिटाळलं, पोरीला उचलून घेतलं आणि शब्द दिला की तुझ्या लग्नात कुणाच्या तोंडून हे नाव निघणार नाही. पोरगी आणखीच मोठ्यानं रडली. तो शब्द धाकलूनं मनात जपून ठेवला. दर पावसाळ्याआधी छपराची कौलं चाळावीत तसा तो अधूनमधून काढून बघायचा.

आणि लग्न ठरलं. मुलगा नवीन घारे, खोपोलीला शिळफाट्यावर राहणारा, एका कारखान्यात पाळीवर जाणारा, शांत. त्याचे वडील दशरथराव कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारे. मुलगी बघायला मंडळी आली तेव्हा दशरथरावांनी फाट्यावर गाडी थांबवून टपरीवाल्याला विचारलं, "धाकलू ठोंबरे कुठं राहतात?" टपरीवाल्यानं चार जणांचे इस्त्रीचे कपडे बघितले आणि आपल्या मनानं ठरवलं की ही मुंबईची माणसं दिसतात, लेणी बघायला आलीत. "ठोंबरे नाय ठाऊक," तो म्हणाला, "पन तुमी सरळ जावा. गाडी खाली लावा नि वर चढा. वर माणसं भेटतील."

मंडळी चढली. निम्म्या डोंगरावर दशरथरावांच्या नव्या बुटाचा तळ सुटला. सौभाग्यवती घारे एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या की ज्या माणसाचं घर इतक्या उंचावर आहे त्याच्या मुलीला पाणी भरायची सवय चांगली असेल. शेवटी एका गुराख्यानं त्यांना खाली आणलं, ते दुपारी तीन वाजता. दशरथरावांनी तोंडातून एक वाकडा शब्द काढला नाही. बूट सुतळीनं बांधून त्यांनी पोहे खाल्ले आणि मुलगी पसंत केली. पण धाकलूच्या मनाला ते फार लागलं. आपल्या दारी येणाऱ्या सोयऱ्याला आपल्या गावात आपलं घर सापडू नये, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी त्यानं फर्मान काढलं. लग्न पार पडेपर्यंत जो कोथिंबीर म्हणेल त्यानं मांडवात पाऊल ठेवायचं नाही. पत्रिका छापल्या तीनशे. वर गणपती, खाली कुलदैवत, आणि मधोमध नवरानवरीच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरात ‘श्री. धाकलू गोमा ठोंबरे’. तळाला लोक छापतात, कृपया आहेर आणू नये. धाकलूनं छापलं, ‘टीप : वधूपित्यास पत्रिकेवरील नावानेच हाक मारावी.’ छापखानेवाल्यानं दोनदा विचारलं. धाकलूनं दोन्ही वेळा होय म्हटलं.

एवढ्यावर तो थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्यानं ठरवलं की नाव नको तर वस्तूही नको. जेवणाला कोथिंबीर वर्ज्य. लग्नाच्या आदल्या आठवड्यात अर्ध्या एकरातली काडी न् काडी त्यानं उपटून बाजारात नेली. स्वयंपाकाला सोनाबाई होती, माथेरानच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात पंचवीस वर्षं काढलेली बाई. तिच्या झाऱ्याच्या आवाजानं घोडेसुद्धा बाजूला होत. तिनं फर्मान ऐकलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"वरणाला काय घालू मग? तुमच्या पत्रिका बारीक चिरून घालू?"

"काय नको घालू. पिवळंच राहू दे."

"लोकं नावं ठेवतील."

"ठेवू दे. एकच नको," धाकलू म्हणाला.

पत्रिका वाटायचं काम त्यानं श्रीपतकडे दिलं आणि शपथ घातली की काही झालं तरी दुसरं नाव घ्यायचं नाही. श्रीपतला शपथेची गरज नव्हती. सायकलवरून तो चार दिवसांत बावीस गावं फिरला. प्रत्येक दारात तोच संवाद झाला. घरचा माणूस पत्रिका उलटीसुलटी करून विचारायचा, "कोण रं हे धाकलू ठोंबरे?" श्रीपत म्हणायचा, "वर लिवलंय ना." "पन कंचे?" "पत्त्यावर हाय तेच." आणि तो पायडल मारायचा. पाकिटातला मजकूर फोडून सांगायचं पाप त्यानं नोकरीत कधी केलं नव्हतं, ते आता कशाला करील.

लोकांनी पत्रिका टीव्हीवर ठेवल्या. कुणीतरी गर्विष्ठ माणूस दिसतो, नावानंच हाक मारा म्हणतो, असं म्हणून नाकं मुरडली. आणि गंमत पुढंच आहे. कोथिंबिरीच्या पोरीचं लग्न निघालंय हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. कर्जतच्या बाजारात ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्या हातची जुडी घेतली, ज्यांच्या घरच्या लग्नात त्यानं विळीवर बसून कोथिंबीर चिरली, ती सगळी माणसं त्याच्या पत्रिकेची वाट बघत होती. पत्रिका येईना. बोलावण्याशिवाय लग्नाला जाणं आमच्याकडं कमीपणाचं. मग एकेक घर रुसलं. एवढी वर्षं ओळख आणि कोथिंबिरीनं साधी पत्रिका धाडली नाही, म्हणून बायका एकमेकींकडे फणकारत होत्या, आणि हे बोलणं चालू असताना पत्रिका टीव्हीवर, रिमोटच्या खाली, व्यवस्थित पडलेली होती.

लग्नाचा दिवस माघातला होता, ऊन कोवळं, वारा मंद. मुहूर्त बारा बत्तीसचा. शिळफाट्याहून वऱ्हाड साडेदहालाच आलं, कारण या वेळी रस्ता पाठ होता. दशरथराव नवे बूट घालून आले होते आणि मांडवात शिरताना त्यांनी चारी बाजूंना बघितलं. सातशे माणसांचा मांडव. त्यात बोरीवाडीची दीडशे, जवळचे नातेवाईक पन्नास, आणि वऱ्हाड. बाकी खुर्च्या रिकाम्या. आत सोनाबाईची तपेली सातशे माणसांच्या हिशेबानं रटरटत होती.

सव्वाअकरा झाले तरी रस्त्यावर धूळ उडेना. धाकलू फेटा सांभाळत पुन्हा पुन्हा मांडवाच्या दाराशी जाऊन यायचा. आपल्याला कुणी मोजत नाही, हे त्याला छत्तीस वर्षं मनातून वाटतच होतं. आज ते सोयऱ्यांच्या समोर दिसलं. लेकीच्या लग्नाला पंचक्रोशी फिरकली नाही, हे आता शिळफाट्यापर्यंत जाणार.

तेवढ्यात श्रीपत घाम पुसत आला. वाटेत तो दोन गावांतून आला होता. "धाकलू," तो म्हणाला, कारण तो एकटाच असं म्हणायचा, "लोकं घरात बसल्यात. रुसल्यात तुझ्यावर."

"पत्रिका दिल्यास ना?"

"हातात दिल्यात. पन ती त्या ठोंबऱ्याची हाय, तुझी नाय, असं म्हनत्यात. मी म्हटलं दोन्ही एकच. तर म्हनत्यात, उगा काय सांगतो, कोथिंबिरीला कुठं आडनाव हाय."

बायजा मागंच उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि मांडवातल्या माइककडे बोट दाखवलं. "अवो, बोला तिच्यात. आवाज नदीपल्याड जातो. एक शब्द टाका, सगळी येतील."

"तो शब्द नाय टाकायचा."

"का पन?"

"अक्षदाला वचन दिलंय."

मग अक्षदालाच बाहेर यावं लागलं. कपाळाला मुंडावळ्या, अंगावर पिवळी साडी, हातात मोबाइल. एरवी ती कर्जतला एका दवाखान्यात कामाला होती आणि माणसं ओरडली तरी तिचा आवाज चढत नसे. "कसलं वचन, पप्पा?"

धाकलूनं सांगितलं. पाचवीचं वर्ष, शाळेतून रडत येणं, मागची कार्टी, सगळं. अक्षदा आठवायचा प्रयत्न करत राहिली. मग तिला आठवलं.

"पप्पा, त्या दिवशी माझी नवी चप्पल ओढ्यात गेलेली. एकच. म्हणून रडत होते मी. तुम्ही विचारलंच नाही, एकदम लग्नाचं काढलंत. मला वाटलं चप्पल हरवली म्हणून माझं लग्न लावून देतायत."

पंधरा वर्षं, तीनशे पत्रिका आणि अर्धा एकर कोथिंबीर धाकलूच्या डोळ्यांपुढून गेली.

"आणि ती पोरं?"

"ती रोजच म्हणायची. मीच सांगितलेलं त्यांना, म्हटलं कोथिंबिरीची पोरगी म्हणा, म्हणजे दुकानातली मावशी गोळी जास्त देते." तिनं मोबाइल समोर धरला. पडद्यावर त्याचा फोटो होता आणि खाली नाव, कोथिंबीर पप्पा. "बोला आता. मी रेकॉर्ड करते आणि सगळ्या गावांच्या ग्रुपवर टाकते. बारा बत्तीसला अजून तास आहे."

धाकलू माइकपाशी गेला. समोरच्या पहिल्या रांगेत दशरथराव दोन पेनांसकट बसले होते. त्यानं खाकरून घेतलं. "मंडळी, मी धाकलू गोमा..." माइक खरखरला. नदीपलीकडे काहीच हललं नाही. त्यानं डोळे मिटले, आणि विहिरीत उडी घ्यावी तसं म्हणाला, "मी कोथिंबीर बोलतोय."

मांडवात दीडशे माणसांनी एकदम श्वास सोडला. दोन महिने त्यांनी तो तसाच धरून ठेवला होता.

"माझ्या अक्षदाचं लगीन हाय आज. टीव्हीवरची पत्रिका माझीच हाय. ठोंबरे मीच. माझं चुकलं. आता जास्ती ताणू नका, या. जेवान तयार हाय."

तो बाजूला व्हायच्या आत बायजानं माइक ओढला. "आन् येताना परड्यातली एकेक जुडी घेऊन या गं. वरणावर घालाय घरात काडी नाय."

निरोप बावीस गावांच्या ग्रुपवर गेला. पंधरा मिनिटांत पहिली मोटारसायकल आली, मग टेंपो, मग रिक्षा, मग एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अख्खी आळी. कुणाची साडी नवी आणि चप्पल घरातली, कुणाची अर्धीच दाढी झालेली. प्रत्येक जण आधी धाकलूला झापत होता आणि मग कवेत घेत होता. "कोण कुठला ठोंबरे छापलास रं? बापाचं नाव दाखवतोस काय आमाला?" आणि प्रत्येकाच्या हातात एक जुडी होती. ती असणारच होती, कारण दर वर्षी पेरणीनंतर उरलेले धने धाकलू पुड्या बांधून वाटायचा, आणि ते चपलेखाली रगडून, दोन फाकी करून कसे पेरायचे ते ज्याच्या त्याच्या परड्यात जाऊन दाखवायचा. बावीस गावांच्या परसात त्याचीच कोथिंबीर उभी होती. हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

माणसं आवरेनात म्हणून भटजींनी मंगलाष्टकं लांबवली. पाच झाली, सात झाली, नवव्याला त्यांना नवीन शब्द सुचेनात तेव्हा त्यांनी तिसरं पुन्हा म्हटलं. अक्षता पडल्या तेव्हा मांडवात उभं राहायला जागा नव्हती आणि सोनाबाईच्या दारात कोथिंबिरीचा हिरवागार ढीग कंबरेएवढा झाला होता.

"चिरणार कोण हे?" सोनाबाईनं विचारलं. "माझ्या पोरींचे हात वाढण्यात गुंतलेत."

वधूपित्यानं उपरणं खांद्यावरून काढलं, फेटा तसाच ठेवला आणि विळीवर बसला. छत्तीस वर्षांची सवय. पान न् पान सारखं पडत होतं. थोड्या वेळानं शेजारी कुणीतरी मांडी घातली. बघतो तर दशरथराव. त्यांनी नवे बूट बाहेर काढून ठेवले होते, बाह्या वर केल्या होत्या आणि एक जुडी सोडून पिवळी पानं वेगळी करत होते.

"व्याहीबुवा, तुमी उठा. बरं दिसत नाय."

"दिसू द्या," दशरथराव म्हणाले. "त्या दिवशी टपरीवर मी कोथिंबीर म्हटलं असतं तर माझे बूट वाचले असते. तुम्ही आधी सांगायचं."

बाहेर माइकवर बायकांनी नवरीला नाव घ्यायला लावलं होतं. थोडी ओढाताण झाली, हसणं झालं, मग अक्षदाचा आवाज आला, दवाखान्यात बोलते तसा, स्वच्छ.

"बोरीवाडीच्या मातीत रुजले, शिळफाट्याचं घर माझं एक,
नवीनरावांचं नाव घेते कोथिंबिरीची लेक."

मांडव टाळ्यांनी दणाणला. धाकलूची विळी थांबली. डोळ्यांतून पाणी सुटलं ते गालावरून थेट परातीत पडायला लागलं, आणि दोन्ही हात हिरवे असल्यामुळं त्याला ते पुसताही येईना.

"कांदा लय तिखट हाय आज," तो म्हणाला.

दशरथरावांनी परातीत बघितलं. परातीत कोथिंबिरीशिवाय काही नव्हतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, आधी धाकलूचे डोळे पुसले, मग आपले.

"हो ना, कोथिंबीरराव," ते म्हणाले, "फारच तिखट आहे."